आफ्टरटच नीट लावायचा तर आधी दोन टोकं, मग कर्व्ह

मिडी कीबोर्डवर (संगणकाला किंवा दुसऱ्या वाद्याला आकड्यांचे संदेश पाठवणाऱ्या कीबोर्डवर) आफ्टरटच, म्हणजे पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाबून आवाज बदलायची सोय, आहे, पण तो वापरता येत नाही, ही तक्रार दोन तऱ्हांनी येते. काहींच्या कीबोर्डवर पट्टी कितीही दाबा, काहीच होत नाही. मग बोटं दुखतील इतका जोर लावला की व्हिब्राटो (सुराचा कंप) एकदम अंगावर येतो. काहींच्या बाबतीत नेमकं उलट होतं. साधा सूर धरला तरी आवाज थरथरतो, फिल्टर (आवाजाचा उजळपणा ठरवणारा भाग) आपोआप उघडतो. दोन्ही वेळी माणूस मेन्यूत शिरून ‘सॉफ्ट’, ‘नॉर्मल’, ‘हार्ड’ हे तयार कर्व्ह (किती दाबाला किती परिणाम हे ठरवणाऱ्या रेघा) आलटूनपालटून बघतो, फारसा फरक पडत नाही, आणि शेवटी आफ्टरटच कायमचा बंद होतो.

या दोन्ही तक्रारींचा कर्व्हच्या आकाराशी संबंध कमीच असतो. दाबाची नोंद कुठून सुरू व्हावी आणि १२७ हा कमाल आकडा कुठे गाठला जावा, ही दोन टोकं तुमच्या हाताला जुळलेली नसतील तर मधली रेघ कशीही वाकवा, वाजवायला ती नीट येणार नाही. म्हणून क्रम असा: आधी मोजायचं, मग खालचं टोक, मग वरचं टोक, आणि सगळ्यात शेवटी कर्व्ह. आणि हे सगळं शक्यतो एकाच ठिकाणी करायचं, चार ठिकाणी थोडंथोडं नाही.

वेग वेगळा, दाब वेगळा

बऱ्याच मेन्यूंमध्ये ‘टच’ या एकाच नावाखाली दोन गोष्टी असतात, त्यामुळे सुरुवातीलाच गल्लत होते. व्हेलॉसिटी म्हणजे पट्टी खाली जाण्याचा वेग. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या घुमटात दोन कॉन्टॅक्ट असतात. एक आधी जुळतो, दुसरा नंतर. या दोन जुळण्यांमधला वेळ कीबोर्ड मोजतो. जोरात मारलं तर तो काही मिलिसेकंद असतो, हळूच दाबलं तर त्याच्या कित्येक पट. त्या वेळेवरून १ ते १२७ मधला आकडा ठरतो आणि सुराच्या संदेशाबरोबर एकदाच जातो. पट्टी तळाला टेकल्यानंतर तुम्ही कितीही दाबा, व्हेलॉसिटी बदलत नाही.

आफ्टरटचचं काम तिथून पुढे सुरू होतं. पट्ट्यांच्या तळाशी, नमद्याच्या खाली, कीबोर्डच्या पूर्ण लांबीची एक सेन्सरची फीत असते. दाब वाढला की तिचा विद्युतरोध कमी होतो. फीत एकच असल्यामुळे कुठली पट्टी दाबली हे तिला कळत नाही. एकूण दाब किती, एवढंच कळतं. म्हणून बहुतेक कंट्रोलरवर चॅनेल आफ्टरटच असतो: पाच सूर धरले आणि एकच बोट दाबलं तरी पाचही सूर हलतात. पट्टीगणिक वेगळा दाब मोजणारा पॉलिफोनिक आफ्टरटच यामाहाच्या सीएस-८० वर १९७० च्या दशकातच होता, आणि १९८३ च्या मिडी प्रमाणातही त्याच्यासाठी वेगळा संदेश आहे. पण प्रत्येक पट्टीला वेगळा सेन्सर लावणं महाग पडतं, म्हणून तो अनेक वर्षं दुर्मीळ राहिला. अलीकडे एएसएमच्या हायड्रासिंथसारख्या वाद्यांमुळे तो पुन्हा आवाक्यात आला आहे.

फितीचा एक गुण लक्षात ठेवावा. तिच्यातून येणारा कच्चा आकडा सुरुवातीच्या दाबाला झपाट्यानं वाढतो आणि पुढे सपाट होत जातो. वरचा नमदा मात्र सुरुवातीचा थोडा दाब गिळून टाकतो. दोन्ही मिळून जी वाकडी रेघ तयार होते, ती कीबोर्डमधलं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) सरळ करायचा प्रयत्न करतं. प्रत्येक कंपनीचा हा हिशेब वेगळा असतो. त्यामुळे ‘लिनिअर’ असं लिहिलेले दोन कीबोर्ड हाताला सारखे लागत नाहीत, आणि दुसऱ्याच्या कीबोर्डचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे उतरवण्यात अर्थ नसतो.

मोजणी

आधी सगळं मूळ स्थितीला आणा. कीबोर्डचा कर्व्ह लिनिअर किंवा फॅक्टरीचा ठेवा, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधले मिडी इफेक्ट बंद करा. कीबोर्ड ज्या स्टँडवर, ज्या उंचीवर रोज वाजवता तिथेच ठेवा. हलणाऱ्या एक्स-स्टँडवर हाताचा थोडा जोर स्टँडच्या झोक्यात जातो, मांडीवर कीबोर्ड घेतला तर आणखी जातो. टेबलावर घेतलेले आकडे मग स्टँडवर लागू पडत नाहीत.

आकडे बघायला विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. विंडोजवर एक अडचण हमखास येते: बऱ्याच ड्रायव्हरमध्ये मिडी पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू असेल तर मिडी-ऑक्सला पोर्ट मिळत नाही, आणि कीबोर्डच बिघडला असं वाटतं. ते बंद करा, मग मोजा. वेगळं काही टाकायचं नसेल तर सरळ एका ट्रॅकवर रेकॉर्ड करून आफ्टरटचची लेन उघडली तरी चालतं. आकडे तिथेही दिसतात.

आता चार आकडे लिहून घ्यायचे.

१. पट्टीवर हात नसताना येणारा आकडा. हा ० असायला हवा. ३, ५ असं काही सतत येत असेल तर तो फितीचा किंवा जोडणीचा प्रश्न आहे, त्याबद्दल पुढे.

२. नेहमीसारखं वाजवताना, मुद्दाम न दाबता, आफ्टरटच जास्तीत जास्त किती वर जातो तो आकडा. यासाठी एकच सूर वाजवून भागत नाही. दोनतीन मिनिटं तुमचं रोजचं काहीतरी वाजवा: द्रुत लयीतली तान, डाव्या हाताचे भरगच्च कॉर्ड, लांब धरलेले सूर. जोरात मारल्यावर पट्टी तळाला आपटते आणि त्या धक्क्यानंच क्षणभर आफ्टरटचचा एक उसळता आकडा येतो. वजनदार, हॅमर ॲक्शनच्या कीबोर्डवर हे जास्त होतं. ही उसळी खालच्या टोकाच्या आत गाडली गेली पाहिजे.

३. पूर्ण दाबलं असं तुमच्या हाताला वाटतं, पण मनगट आखडत नाही, त्या दाबाचा आकडा. चार सेकंद तो दाब धरून बघा. धरवत नसेल तर तो जास्त आहे.

४. अगदी जोर लावून येणारा आकडा. हा फक्त कीबोर्डची हद्द कळावी म्हणून.

हे मधल्या सप्तकात झालं की तीच मोजणी खालच्या आणि वरच्या सप्तकात, पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांवर वेगवेगळी करा. काळी पट्टी आखूड असते, आणि पांढऱ्या पट्टीवरही बोट आत सरकलं की तरफ छोटी होते. तोच दाब फितीपर्यंत कमी पोचतो. फीत लांबभर एकसारखी नसल्यामुळे दोन्ही कडांना मधल्यापेक्षा कमी आकडे येणं नेहमीचं आहे. खालचं टोक ठरवताना सगळ्यात हळव्या जागेचा आकडा घ्या, वरचं टोक ठरवताना सगळ्यात बधिर जागेचा. मधल्या दोन सप्तकांवरून सेटिंग केलं की वरच्या सप्तकातल्या शहनाईला कधीच पूर्ण दाब मिळत नाही.

हाताचा अंदाज रोज बदलतो. पक्कं मोजायचं असेल तर किराणा दुकानात असतात तशी लोखंडी वजनं वापरा. पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या टोकाला एक छोटं खोडरबर ठेवा, म्हणजे शेजारची पट्टी दबणार नाही, आणि त्यावर २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो अशी वजनं एकेक करून अलगद ठेवा, हातानं नुसतं सावरून धरा. प्रत्येक वजनाला आलेला आकडा लिहून ठेवा. या तीनचार बिंदूंवरून कीबोर्डचा खरा कर्व्ह कागदावर उतरतो. दोन वर्षांनी आफ्टरटच बदलल्यासारखा वाटला तर हात बदलला की फीत, याचं उत्तरही त्याच कागदावर मिळतं. वजन पट्टीवर टाकू मात्र नका.

टोकं

खालचं टोक: दुसऱ्या आकड्यापेक्षा ३–४ जास्त. वरचं टोक: तिसऱ्या आकड्यापेक्षा ३–४ कमी. उदाहरणासाठी, सहज वाजवताना आकडा ५ पर्यंत जातो आणि आरामात पूर्ण दाबल्यावर ९२ येतो असं धरू. मग खालचं टोक ८, वरचं ८८. मध्ये ८० पायऱ्या राहिल्या.

हे अंतर शक्य तितकं मोठं हवं. पहिल्या तक्रारीतल्या कीबोर्डवर, जिथे खूप दाबल्याशिवाय काही होत नाही, तिथे बहुधा वरचा आकडा ३०–३५ च्या पुढेच जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये वरचं टोक ३० वर आणून त्याचे १२७ करता येतात, पण मग खालचं टोक १० धरलं तर २० पायऱ्यांत १२७ आकडे बसवायचे असतात, म्हणजे प्रत्येक पायरीला सहाहून जास्त आकड्यांची उडी. व्हिब्राटोच्या खोलीला हे एक वेळ चालून जाईल. सुराची उंची बदलायची असेल तर नाही: २०० सेंट, म्हणजे पूर्ण एका स्वराचं अंतर, २० पायऱ्यांत विभागलं तर एक पायरी १० सेंटची होते, आणि लांब धरलेल्या सुरात ती कानाला सरळ टोचते.

म्हणून टोकं शक्यतो कीबोर्डच्या आतच लावावीत. आतला मापक सहसा १२८ पायऱ्यांपेक्षा बराच बारीक मोजत असतो; केबलमधून बाहेर पडताना त्याचे १२८ आकडे होतात. कीबोर्डमधली संवेदनशीलता किंवा थ्रेशोल्ड (नोंद सुरू होण्याची पातळी) बदलला की ती कपात होण्याआधीच बदल होतो आणि सगळ्या पायऱ्या हाताशी राहतात. सॉफ्टवेअरमध्ये बदललं की उरलेल्या पायऱ्यांचीच ओढाताण करावी लागते. २०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये दाबाला ३२ बिट आणि व्हेलॉसिटीला १६ बिट आहेत, तिथे हा प्रश्न उरत नाही. पण दोन्हीकडची उपकरणं आणि मधलं सॉफ्टवेअर सगळं ते बोलणारं असेल तरच.

कीबोर्डची सोय कुठे असते ते कंपनीगणिक वेगळं. आर्टुरियासाठी मिडी कंट्रोल सेंटर हे संगणकावरचं सॉफ्टवेअर आहे, स्टुडिओलॉजिकच्या एसएल मालिकेसाठी तिचं स्वतःचं एडिटर आहे. बाकी बऱ्याच कीबोर्डवर ‘सेटअप’ किंवा ‘ग्लोबल’ मेन्यूतच ते लपलेलं असतं. बदल केल्यावर तो कीबोर्डच्या मेमरीत साठवला का, हे बंद-चालू करून एकदा तपासा.

आकार

टोकं बसली की कर्व्ह फक्त एका घातांकाचा प्रश्न उरतो. आलेल्या आकड्यातून खालचं टोक वजा करा, उरलं त्याला दोन टोकांमधल्या अंतरानं भागा. ० ते १ मधली संख्या येईल. घातांक जितका असेल तितका तिचा घात काढा आणि १२७ नं गुणा. खालच्या टोकाच्या आत असेल ते ०, वरच्या टोकाच्या बाहेर असेल ते १२७.

वरच्या ८ आणि ८८ च्या उदाहरणात घातांक १ घेतला, म्हणजे सरळ रेघ, तर २८ चे ३२ होतात, ४८ चे ६४, ६८ चे ९५. घातांक २ घेतला तर तेच आकडे ८, ३२ आणि ७१ होतात: सुरुवातीला संथ, शेवटी जोरकस. घातांक ०.५ घेतला तर ६४, ९० आणि ११०: थोड्या दाबात बरंच काही.

आता एक बारकावा, जो मेन्यूतल्या चित्रात दिसत नाही. घातांक ०.५ ला ८ वरून ९ वर गेलं की बाहेर पडणारा आकडा ० वरून थेट १४ वर उडी मारतो. त्यामुळे ‘सॉफ्ट’ नावाचा हा कर्व्ह हळुवार वाजवणाऱ्यालाच सगळ्यात जास्त त्रास देतो. दाब सुरू होताना आवाजाला खटका बसतो. घातांक २ ला याच्या उलट: आत येणारा आकडा १४ होईपर्यंत बाहेर १ सुद्धा पडत नाही. म्हणजे त्या कर्व्हमध्ये खालच्या टोकाची थोडी उशी आपोआपच येते, आणि खालचं टोक ८ ऐवजी ५–६ ठेवलं तरी निभावतं. माझं मत विचाराल तर आफ्टरटचला १ च्या खालचा घातांक सहसा लावूच नये. हलक्या दाबात जास्त परिणाम हवा असेल तर वरचं टोक खाली आणा, रेघ सरळच ठेवा.

कुठल्या कामाला कुठला आकार, हे आवाजावर ठरतं. व्हिब्राटोच्या खोलीला १.५ ते २ चांगला. कान सुरुवातीचा थोडासा कंपही लगेच पकडतो, म्हणून तिथे जागा जास्त लागते. फिल्टरला १ ठेवा, कारण बहुतेक सिंथेसायझरमध्ये फिल्टरची मोजपट्टी आधीच सप्तकांच्या हिशेबानं असते, म्हणजे तिच्यात वाकण आहेच. आवाजाच्या पातळीला तर नक्की जपून. मिडीच्या व्हॉल्यूम आणि एक्स्प्रेशनसाठी (वाजवताना आवाज कमीजास्त करणाऱ्या कंट्रोलसाठी) शिफारस केलेला हिशेब वर्गाचा आहे: ६४ म्हणजे निम्मा आवाज नव्हे, सुमारे १२ डेसिबल कमी. त्यावर तुम्ही घातांक २ चा आफ्टरटच चढवलात तर चौथा घात होतो, आणि निम्म्या दाबाला २४ डेसिबल कमी मिळतात. अर्ध्या दाबापर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि मग अचानक सगळं येतं, अशी तक्रार बहुधा इथून निघते.

यावरूनच कळेल की कर्व्ह एकाच ठिकाणी का हवा. कीबोर्ड, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, वाद्याचं प्लगइन (त्या सॉफ्टवेअरच्या आत आवाज देणारं वाद्य), आणि प्लगइनच्या आत एखादी मॉड्युलेशनची जोडणी: चार ठिकाणी घातांक बसू शकतो आणि ते एकमेकांना गुणले जातात. शिवाय प्रत्येक टप्प्यावर आकडा पूर्णांकात येतो आणि पायऱ्या कमी होतात. माझी मांडणी अशी: टोकं कीबोर्डमध्ये, आकार वाद्याच्या प्लगइनमध्ये, आणि मधलं सॉफ्टवेअर कोरं. कारण टोकं तुमच्या हाताची आहेत, ती आवाजागणिक बदलत नाहीत. आकार मात्र बासरीला वेगळा लागतो आणि ब्रासला वेगळा.

कीबोर्डमध्ये सोयच नसेल तर

तेव्हा मधल्या सॉफ्टवेअरला पर्याय नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमध्ये स्क्रिप्टर आहे, क्युबेसमध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मर, रीपरमध्ये जेएस प्लगइन लिहिता येतात. वरचा घातांकाचा हिशेब स्क्रिप्टमध्ये चारपाच ओळींत बसतो. एबल्टन लाइव्हमधला ‘व्हेलॉसिटी’ हा इफेक्ट फक्त व्हेलॉसिटीवर काम करतो, आफ्टरटच त्यातून जसाच्या तसा निघून जातो; त्यासाठी मॅक्स फॉर लाइव्हमधलं एखादं उपकरण लागतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या बाहेरच सगळं करायचं तर संदेश बदलणारं बोम मिडी ट्रान्सलेटर प्रो आणि एक आभासी पोर्ट: विंडोजवर लूपमिडी, मॅकवर सिस्टीमबरोबर येणारा आयएसी ड्रायव्हर. आभासी पोर्ट वापरलात तर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ कीबोर्डचा पोर्ट बंद करायला विसरू नका. नाहीतर प्रत्येक सूर दोनदा येतो, एक कोरा आणि एक बदललेला. आवाज जाड आणि किंचित पोकळ होतो आणि दोष कर्व्हवर जातो.

स्क्रिप्ट लिहिताना दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली: खालच्या टोकाच्या आतले आकडे ‘गाळून टाकणं’. आकडा ८ च्या खाली आला की संदेश पाठवूच नका असं लिहिलं, तर वाद्याकडे शेवटी पोचलेला, कर्व्हमधून बाहेर पडलेला आकडा ३ किंवा ५ असा काहीतरी असतो आणि तो तिथेच अडकतो. पट्टी सोडली तरी पुढच्या सुराला हलका व्हिब्राटो चिकटलेला राहतो. खालच्या टोकाच्या आत ० पाठवायचा असतो, गप्प बसायचं नसतं. दुसरी चूक व्हेलॉसिटीच्या कर्व्हमध्ये होते: गोळाबेरजेत ० बाहेर पडू देणं. मिडीमध्ये व्हेलॉसिटी ० असलेला ‘सूर सुरू’ हा संदेश ‘सूर बंद’ असाच वाचला जातो. हळूच वाजवलेले सूर गायब होतात. व्हेलॉसिटीचा तळ १ च्या खाली जाता कामा नये. आफ्टरटच मात्र ० ला परतलाच पाहिजे.

धक्क्याची उसळी टोकानं दबत नसेल तर थोडी ओढ लावा, म्हणजे आकडा वर चढायला ५० ते १०० मिलिसेकंद घेईल असं करा. उतरतानाही थोडी ओढ उपयोगी पडते. लांब रिलीज असलेल्या पॅडमध्ये बोट उचलताच आफ्टरटच झटकन ० होतो आणि विरत जाणाऱ्या आवाजात फिल्टर धाडकन बंद झाल्याचं ऐकू येतं. ओढ प्लगइनमध्ये असेल तर उत्तम, कारण तिथे ती १२८ पायऱ्यांत अडकलेली नसते.

पेटी, बासरी आणि तंबोरा

आपल्याकडच्या आवाजांसाठी तयार सेटिंग क्वचितच कामाला येतात, कारण ती पियानो आणि सिंथेसायझर डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात.

पेटीच्या पट्टीला वेग कळतच नाही; आवाजाचा चढउतार भात्यातून येतो. म्हणून पेटीच्या आवाजाला व्हेलॉसिटी ठरावीक ठेवा, १०० च्या आसपास, आणि आफ्टरटच एक्स्प्रेशनला, म्हणजे कंट्रोल ११ ला, जोडा. पण सरळ ० ते १२७ जोडलंत तर न दाबता वाजवलेला सूर ऐकूच येणार नाही. तळ ८० धरा, दाबानं तो १२७ पर्यंत जाऊ द्या. रेघ सरळ ठेवा. ८० ते १२७ म्हणजे वर्गाच्या हिशेबानं सुमारे ८ डेसिबलचा फरक, संगतीला तेवढा पुरतो. ओढ इथे जरा जास्त, १५० मिलिसेकंदांच्या आसपास चालते, कारण भात्यातली हवाही एकदम वाढत नाही. उजव्या हातावर द्रुत वाजवायचं असेल तर मात्र पायाचं एक्स्प्रेशन पेडल आफ्टरटचपेक्षा बरं. बोटांना दोन कामं एकदम नकोत.

बासरी आणि सारंगीला आफ्टरटच आंदोलनासाठी वापरता येतो. दरबारीतला कोमल गंधार किंवा भैरवातला कोमल रिषभ आफ्टरटचवर हलवायचा तर एक अडचण लक्षात घ्या: आफ्टरटच एकाच दिशेनं चालतो, ० वरून वर. त्यामुळे मूळ सूर जिथे टेकायला हवा तिथेच ० असला पाहिजे, आणि आवाका छोटा, ३० ते ५० सेंट. इथे खालचं टोक सगळ्यात महत्त्वाचं. ते बरंच सैल असलं तर प्रत्येक सूर किंचित चढा लागतो, आणि ते ‘सूर नीट लागत नाही’ एवढंच कळतं, कारण सापडत नाही. घातांक १.५. आवाका ५० सेंट आणि पायऱ्या ८०, म्हणजे एक पायरी सरासरी एका सेंटपेक्षा लहान. तेवढी कानाला जाणवत नाही.

तंबोऱ्याचा आवाज त्याच चॅनेलवर ठेवू नका. चॅनेल आफ्टरटच त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना लागू होतो. बासरीच्या आंदोलनाबरोबर षड्जही हलला तर सगळं संपलं. तंबोरा वेगळ्या चॅनेलवर, वेगळ्या ट्रॅकवर, आणि त्या ट्रॅकवर आफ्टरटच गाळलेला.

व्हेलॉसिटीबद्दल थोडंसं

पद्धत तीच. पाचेक मिनिटं नेहमीसारखं वाजवून रेकॉर्ड करा आणि बहुतेक सूर कुठल्या आकड्यावर पडतात ते बघा. समजा ते ९५ च्या आसपास आहेत आणि पियानोचा आवाज त्यामुळे सतत टणटणीत लागतो. तुम्हाला ते ७० वर हवेत. घातांक काढायला ७० भागिले १२७ याचा लॉगॅरिदम घ्या आणि त्याला ९५ भागिले १२७ याच्या लॉगॅरिदमनं भागा. उत्तर २ च्या जवळ येतं. पण मग ४० व्हेलॉसिटीचा हळुवार सूर १३ वर जाऊन पडतो, फारच खाली. अशा वेळी तळ १५ धरून उरलेल्या ११२ आकड्यांवर कर्व्ह लावा: ४० चे २६ होतात, ९५ चे ७८. मधल्या सुरांसाठी केलेली ही थोडी तडजोड हळुवार वाजवण्याला वाचवते. पियानोटेक या पियानोच्या प्लगइनमध्ये व्हेलॉसिटीचा कर्व्ह बिंदू ओढून काढता येतो, तिथे हे सगळं डोळ्यांसमोर होतं.

कर्व्हनं न सुटणारे दोष

एकच पट्टी सतत ११०–१२७ देत असेल, बाकीच्या ठीक असतील, तर कर्व्हला हात लावू नका. तिचा पहिला कॉन्टॅक्ट मळलेला असतो. तो उशिरा जुळतो, दोन्ही कॉन्टॅक्टमधला वेळ कमी भरतो, आणि कीबोर्डला वाटतं तुम्ही जोरात मारलं. दुसरा मळला असेल तर सूर दबका येतो किंवा येतच नाही. उपाय म्हणजे कीबोर्ड उघडून रबराची पट्टी उचलणं आणि तिचे काळे ठिपके व सर्किट बोर्डावरचे काळे ठसे आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं हलकेच पुसणं. सँडपेपर नको, तेलकट कॉन्टॅक्ट स्प्रेही नको. कार्बनचा थर पातळ असतो. पूर्ण वाळल्यावरच बंद करा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि धुळीत ही वेळ लवकर येते, म्हणून वाजवून झालं की कीबोर्डवर कापडी आवरण घालणं बरं.

हात नसतानाही आफ्टरटच ० ला येत नसेल तर आधी कीबोर्ड बंद करून, पट्ट्यांना न शिवता, पुन्हा चालू करा. काही कीबोर्ड चालू होतानाच्या स्थितीला शून्य मानतात. त्या क्षणी पट्टीवर हात किंवा वही असेल तर हिशेब चुकतो. तरीही आकडा राहिला तर फितीची केबल सैल आहे, फीत कुठेतरी मुडपली आहे, किंवा दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू जास्त आवळला गेल्यानं पट्ट्यांचा सांगाडा फितीवर दाबला जातो आहे. एखाद्या भागातच आफ्टरटच मेला असेल तर नमदा तिथे दबून चपटा झालेला असतो किंवा सरकलेला. तो बदलता येतो, पण त्याची जाडी मूळ नमद्याइतकीच हवी. थोडा जाड झाला की त्या भागात पट्ट्यांची खोली कमी होते आणि आफ्टरटच सतत चालू राहतो.

पॉलिफोनिक आफ्टरटचचा कीबोर्ड जुन्या पाच-पिनी केबलनं जोडला असेल तर आणखी एक गोष्ट. त्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे ३,१२५ बाइट. पॉलिफोनिक दाबाचा एक संदेश ३ बाइटचा असतो. दहा बोटांनी प्रत्येकी सेकंदाला १०० संदेश पाठवले की ३,००० बाइट झाले. केबल जवळजवळ भरली, सुरांचे संदेश रांगेत अडकले. लय किंचित मागे पडते आणि वाजवणाऱ्याला स्वतःचा हात जड वाटू लागतो. असा कीबोर्ड यूएसबीनं जोडा. केबलच वापरायची असेल तर खालचं टोक थोडं वर घ्या, म्हणजे नुसत्या टेकलेल्या बोटांचे संदेश तरी निघणार नाहीत. आणि जो आवाज आफ्टरटच वापरतच नाही, त्याच्या प्रीसेटमध्ये आफ्टरटच बंद करून ठेवा.